टॅलो क्रीकचं गाणं

डॉ. चारुदत्त देवस्थळींना दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा किंवा मुलांच्या पगाराचा कधी हेवा वाटला नाही. नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत हे विषय पॉटलकच्या जेवणाबरोबरच वाढले जायचे, आणि डॉक्टर ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांचा सगळा मत्सर एकाच जागी साठलेला होता. एका गाण्याभोवती.

ते गाणं त्यांना भेटलं ऑपरेशन थिएटरमध्ये. चौऱ्याहत्तर साली ते शिकागोच्या साउथ साइडला एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाचं शिक्षण घेत होते. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या एका उंच, साठीच्या कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडावर त्यांनी मास्क धरला आणि शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगितले. दोनचार आकडे मोजून तो माणूस गायला लागला. पाणी चढतंय टॅलो क्रीकला, दाराला कडी लावू नकोस. एवढं म्हणून तो झोपला. तरुण चारुदत्तच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्यांनी पुढच्या ओळी विचारल्या, तर तो माणूस म्हणाला, "आमच्याकडे सगळेच म्हणायचे. मला एवढंच येतं."

पुढच्या ओळी शोधण्यात डॉक्टरांचं निम्मं आयुष्य गेलं. ते गाणं ब्लूज होतं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं. मिसिसिपीच्या होझिया प्रिचर्ड नावाच्या गिटारवाल्याने एकतीस साली ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं होतं. त्या तबकडीच्या जगात दोनतीनच प्रती उरलेल्या. त्यानंतर मेम्फिसच्या एका बाईने ते पियानोवर गायलं. पन्नासच्या दशकात शिकागोत ते विजेच्या गिटारवर आलं, तेव्हा त्यातली क्रीक, म्हणजे ओढा, जाऊन तिथे रस्ता आला. पुढे कॉलेजातल्या पोरापोरींनी त्याचं गोडगोड पुराचं गाणं केलं, आणि एका इंग्लिश रॉक बँडने त्यातल्या प्रियकराच्या हातात बंदूक दिली. पण गाभा सगळीकडे तोच: पुरातून येणारा एक माणूस बाईला बजावतो आहे, कडी लावू नकोस. लावलीस तर समजेन की आत दुसरा कोणी आहे.

ही सगळी रूपं डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये होती. विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे मूळ तबकडीची जास्त स्वच्छ प्रत होती, आणि त्याचं नाव निघालं की डॉक्टरांचा घास घशात अडकायचा.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी विस्कॉन्सिनवाल्याकडे नव्हती. होझियाच्या तिसऱ्या कडव्यात, तबकडीच्या खरखरीत, एक ओळ होती: सिस्टर्स इन द फायर. बहिणी आगीत. या बहिणी कोण, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते. डॉक्टरांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून मिसिसिपीतल्या एका गावची आगीची बातमी शोधली. कापसाच्या गोदामात दोन बहिणी जळून गेल्या होत्या. त्यावर त्यांनी संग्राहकांच्या मासिकात लेख लिहिला. तो गाजला. नंतर ती गाणी सीडीवर आली तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत डॉक्टरांचं नाव छापलं गेलं. ती पुस्तिका दिवाणखान्यात, पाहुण्याला सहज दिसेल अशी ठेवलेली असे.

सुहासिनीबाईंना या सगळ्यात रस नव्हता. मिरजेला नर्सिंग करून आलेल्या त्या बाईने शिकागोत तीस वर्षं लेबर रूममध्ये काम केलं, दोन मुलं वाढवली. बेसमेंटचा जिना त्या फक्त कपडे धुवायला उतरायच्या.

मग या फेब्रुवारीत ॲन आर्बरहून नीलांबरीचा फोन आला. ही नागपूरची मुलगी तिथल्या युनिव्हर्सिटीत लोकसंगीतावर पीएचडी करत होती, आणि डॉक्टरांचा लेख वाचून वर्षभरापूर्वी त्यांना शोधत आली होती. ते तिला जुनी रेकॉर्ड्स ऐकवायचे, ती त्यांना काका म्हणायची.

"काका, बसून घ्या आधी," ती म्हणाली. "होझिया प्रिचर्डची पुतणी सापडली. ओडेसा प्रिचर्ड. ब्याण्णव वर्षांची आहे. आणि कुठे राहते माहितेय? मेवूडला! तुमच्यापासून अर्ध्या तासावर. एका चर्चच्या न्यूजलेटरमध्ये नाव दिसलं, मी फक्त फोन केला."

डॉक्टरांनी "वा, वा" म्हटलं. पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खिडकीतून बर्फाकडे पाहत राहिले. इतकी वर्षं ती बाई अर्ध्या तासावर होती, आणि ती सापडली कोणाला? कालच्या पोरीला. आणि तेही कसं, तर नुसत्या एका फोनने.

त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, गाडी चालवायची बंदी होती. म्हणून रविवारी सुहासिनीबाई त्यांना घेऊन मेवूडला गेल्या. नाहीतर त्या गेल्याही नसत्या.

ओडेसा प्रिचर्ड वृद्धांसाठी बांधलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होती. बारीक, ताठ, डोक्याला जांभळा स्कार्फ बांधलेली. आयुष्यभर टेलिफोन कंपनीत ऑपरेटर होती, त्यामुळे प्रत्येक शब्द खणखणीत. दार उघडताच तिने दोघांना बूट काढायला लावले, आणि सुहासिनीबाईंना ते फार आवडलं.

डॉक्टरांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. होझिया कधी जन्मला, कोणाकडे शिकला, गाणं कुठे ऐकलं, असे त्यांचे प्रश्न तयार होते.

"आमच्या घरात ब्लूज नव्हतं, डॉक्टर," ओडेसा म्हणाली. "आम्ही चर्चची माणसं. होझियाकाका शहरात गेला आणि तिकडे ते शिकला."

डॉक्टरांनी तिला मूळ तबकडीचं गाणं लावून ऐकवलं. आवाज सुरू झाला तशी तिची मान खाली गेली. संपल्यावर ती म्हणाली, "हो, काकाच आहे. पण हे असं नाहीये."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "मग कसं आहे?"

"मला आठवत नाही."

"एखादी ओळ? चाल तरी?"

"म्हटलं ना, आठवत नाही." मग ती सुहासिनीबाईंकडे वळली. "तुम्ही काय करता?"

"मी नर्स होते. लेबर रूममध्ये."

"असं?" ओडेसाने पहिल्यांदाच चेहरा नीट वर केला. "किती बाळं बघितली असतील?"

"मोजली नाहीत. काही दिवस जेवायला वेळ मिळायचा नाही."

त्यानंतर दोघी बोलत राहिल्या. पायाळू मुलं, नाळेचे वेढे, रडायला वेळ लावणारी बाळं. डॉक्टर मध्ये बसून रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहत होते. पुढच्या रविवारीही तेच झालं. त्यांनी प्रश्न बदलले, जुने फोटो नेले, ओडेसाने ते पाहून "छान आहेत" म्हटलं आणि सुहासिनीबाईंना विचारलं, "सुहा, तू गेल्या वेळी त्या जुळ्यांचं सांगत होतीस, पुढे काय झालं?"

सुहा! पन्नास वर्षांच्या संसारात डॉक्टरांनी बायकोला कधी सुहा म्हटलं नव्हतं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तू जरा कमी बोललीस तर तिला आठवायला वाव मिळेल."

"ती मला विचारते, मी उत्तर देते," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि हीटर वाढवला.

मंगळवारी त्या एकट्याच मेवूडला गेल्या. ओडेसाचे पाय सुजत होते, आणि यांच्याकडे हॉस्पिटलमधले घट्ट मोजे पडून होते. ते द्यायला. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून घरी पडून राहिले. चार वाजता त्या परतल्या, ओव्हरकोट काढता काढता म्हणाल्या, "अहो, आज तिने ते गाणं म्हटलं."

डॉक्टर उठून बसले. "कुठलं?"

"तुमचंच. म्हणजे तिच्या आजीचं. आजी सुईण होती म्हणे, मामा लू नावाची. टॅलो क्रीकच्या काठाने खोपटी होती, पुरात सगळीकडे पाणी. कोणाला कळा सुरू झाल्या की ही होडीतून निघायची आणि लांबूनच गात यायची, म्हणजे घरातल्यांनी तयारीला लागायचं. ओडेसा लहानपणी तिची पिशवी धरून बरोबर असायची. तिची नात आहे ना टॅमिका, मिलवॉकीला, तिला दिवस भरत आलेत. तिच्यासाठी फोनवर रेकॉर्ड कर म्हणाली, म्हणून केलं. ऐकायचंय?"

सुहासिनीबाईंनी किचनच्या ओट्यावर फोन ठेवला आणि लावला.

आधी श्वासाचा आवाज. मग तो खणखणीत म्हातारा आवाज, पण इथे मऊ झालेला, मध्ये मध्ये थांबणारा, जणू मधल्या जागेत वल्हं पाण्यात बुडतंय.

पाणी चढतंय टॅलो क्रीकला, दाराला कडी लावू नका. चुलीवर ठेवा आधण, मी आलेच, भिऊ नका.

आणि तिसऱ्या कडव्यात, एकही खरखर नसलेल्या आवाजात, ती ओळ आली. सिझर्स इन द फायर. कात्री ठेवा विस्तवात.

सिस्टर्स नाही. सिझर्स. नाळ कापायची कात्री, शेकून निर्जंतुक करायला.

हजारो वेळा ऐकलेली ती ओळ डॉक्टरांच्या कानात आपोआप नीट बसली. होझियाही तेच म्हणत होता, लोकांनी चुकीचं ऐकलं. सगळ्यांत मोठ्याने चुकीचं ऐकलं ते त्यांनी. गोदाम, आग, त्या दोन बिचाऱ्या मुली, ती पुस्तिका.

"परत लाव," ते म्हणाले. सुहासिनीबाईंनी परत लावलं. गाणं संपताच त्यांनी बोट टेकवून थांबवलं.

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही. तिने तुलाच का म्हणून दाखवलं?"

"काय माहीत. मी तर विचारलंच नव्हतं."

हे उत्तर डॉक्टरांना जास्त लागलं. संध्याकाळी सुहासिनीबाई भेंडी परतता परतता ती चाल गुणगुणत होत्या, सहज, भाजी हलवण्याच्या लयीत. लेख चुकला याचं दुःख होतंच. पण चूक मान्य करायला ते भीत नव्हते, आयुष्यभर शास्त्राचा अभ्यास केलेला माणूस. खरी जळजळ दुसरीच होती. पन्नास वर्षं त्यांनी त्या दारावर थापा मारल्या होत्या, आणि दार उघडलं ते मोजे घेऊन गेलेल्या बाईला!

सकाळी सुहासिनीबाई पोहायला गेल्या. फोन ओट्यावर चार्जिंगला होता. पासवर्ड डॉक्टरांना ठाऊक होता, थोरल्या नातवाची जन्मतारीख. त्यांच्या मनात होतं एवढंच, की रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर पाठवून घ्यावं. पाठवण्याआधी त्यांनी ते पुन्हा लावलं. या वेळी थांबवायला कोणी नव्हतं. गाणं संपलं आणि रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं.

ओडेसाचा आवाज आला, "हे लगेच तुझ्या डॉक्टरला देऊ नकोस हं. तो डबीत घालून ठेवेल."

आणि सुहासिनीबाई हसल्या. मनमोकळं, मान मागे टाकून हसल्यावर येतो तसा आवाज. डॉक्टरांनी बायकोचं हे हसू कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. आपण ते विसरलोय हेही त्यांच्या लक्षात नव्हतं. ते हसू एका परक्या खोलीत, एका परक्या बाईबरोबर, त्यांच्यावर हसण्यासाठी बाहेर पडलं होतं.

त्यांचं बोट कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर गेलं. पुसू का, असं फोनने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. डबा उघडून तिथूनही पुसलं. जगातली सगळ्यांत जुनी टॅलो क्रीक, जिच्यासाठी त्यांनी कधीकाळी घर गहाण टाकलं असतं, ती त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसून टाकली. क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी फोन होता तसा चार्जिंगला लावला आणि ते बेसमेंटमध्ये जाऊन बसले, पण काही लावलं नाही.

दुपारी जेवायला बसले असताना नीलांबरीचा फोन आला. सुहासिनीबाईंचे हात पोळी लाटण्यात होते, डॉक्टरांनी स्पीकरवर घेतला.

"काका!" ती जवळजवळ ओरडलीच. "काकूंनी पाठवलेलं ऐकलंत? सिझर्स! सिझर्स इन द फायर! मी सकाळपासून रडतेय यार, आय मीन, सॉरी, पण काका, तुम्ही ऐकलंत ना?"

सुहासिनीबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"मी कालच हिला पाठवलं," त्या म्हणाल्या. "टॅमिकाचा नंबर हिच्याकडे होता ना, तिला पुढे द्यायला. मला कात्रीचं काही कळलं नव्हतं. का गं, काय आहे त्यात?"

नीलांबरीने भराभर सांगितलं. बहिणी, गोदाम, लेख. मग तिचाच आवाज हळू झाला. "म्हणजे काका, तुमचा लेख… आपण दोघं मिळून बघू ना."

"बघू," डॉक्टर म्हणाले आणि फोन बंद केला.

सुहासिनीबाईंनी पिठाचे हात पुसले, आपला फोन उचलला, बराच वेळ त्यात बोट फिरवलं. मग मान वर केली.

"तुम्ही पुसलंत."

"चुकून…" डॉक्टरांनी सुरुवात केली आणि थांबले. "नाही. चुकून नाही."

"शेवटपर्यंत ऐकलंत?"

"हो."

"मग? ती थट्टा करत होती."

"तू हसलीस."

"हसले. खरं होतं म्हणून हसले." त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "तीस वर्षं मी लेबर रूममधून घरी येत होते. एक तरी दिवस विचारलंत, आज काय झालं म्हणून? बेसमेंटमधल्या तबकड्यांवरच्या माणसांना कुठल्या साली कुठे मुलगी झाली ते तुम्हाला पाठ आहे. ओडेसाने पहिल्याच दिवशी विचारलं. मला त्या गाण्याशी काही घेणंदेणं नाही हो. ती माझी मैत्रीण आहे. आणि ते गाणं तुमचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं, त्या पोटुशी पोरीसाठी होतं. नीलांबरीला पाठवलं नसतं तर?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. डॉक्टरांनी उठून गॅस बंद केला आणि तिकडेच पाठ करून म्हणाले, "मला हेवा वाटला."

"कोणाचा? ओडेसाचा?"

"तुझा."

सुहासिनीबाई म्हणाल्या, "हे मला नका सांगू. तिला जाऊन सांगा."

शनिवारी त्यांनी डॉक्टरांना मेवूडला नेलं, पण वर गेल्या नाहीत. गाडीतच बसल्या, रेडिओ लावून. डॉक्टर एकटे तिसऱ्या मजल्यावर गेले. रेकॉर्डर घरी होता. त्यांनी दारातच बूट काढले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुम्ही म्हटलेलं गाणं मी पुसलं.

ओडेसाने कानामागे हात धरला. "पुसलं? मी काय फळ्यावर लिहिलेली आहे? ही बसलेय की तुमच्यासमोर." आणि हसली. मग हसू आवरून तिने त्यांना खुर्ची दाखवली. "का पण?"

"तुम्ही मला म्हणून दाखवलं नाहीत. तिला दाखवलंत."

"तुम्ही होझियाचं गाणं मागायला आला होतात, डॉक्टर. ते माझ्याकडे नाहीच. माझ्याकडे त्याच्या आईचं आहे."

मग तिने जे सांगितलं ते कुठल्याच मासिकात नव्हतं. होझिया पोरगा असताना होडीत कंदील धरून आईबरोबर जायचा. मोठा झाला, लग्न केलं, आणि त्याची बायको दुसऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली. त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. आईचं गाणं घेतलं आणि त्यातल्या बाळंतिणीच्या दाराआड परका पुरुष नेऊन बसवला. कात्रीची ओळ मात्र तशीच राहिली, सवयीने. ते रेकॉर्ड गावच्या दुकानात वाजत होतं तेव्हा मामा लू मीठ घ्यायला गेली होती. तिने पूर्ण ऐकलं, मीठ न घेताच घरी आली, आणि त्यानंतर बाळंतपणाला जाताना सोडून ते गाणं कधीच म्हटलं नाही.

"काका वाईट नव्हता," ओडेसा म्हणाली. "पण जळणाऱ्या माणसाला जगातलं प्रत्येक गाणं आपल्याच दुखण्याचं वाटतं."

डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "मला एकदा ऐकता येईल?"

"आज नाही. घसा बसलाय."

घसा खरोखरच बसला होता की काय, ते तिच्या खणखणीत आवाजावरून कळायला मार्ग नव्हता.

खाली आल्यावर ते गाडीत बसले. हायवेला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्या जुळ्यांचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"ओडेसाला सांगत होतीस ते."

त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. राग अजून गेलेला नव्हता, आवाजात कळत होतं. तरी त्या सांगायला लागल्या, आणि नेपरव्हिलचं एक्झिट येईपर्यंत सांगत होत्या.

एप्रिलमध्ये नीलांबरीने ओडेसाची परवानगी घेऊन आपला प्रबंधातला भाग लिहिला. गाणं लुईझा प्रिचर्डचं, म्हणजे मामा लूचं, असं तिने पहिल्याच वाक्यात लिहिलं. आभारांत सुहासिनीबाईंचं नाव आधी होतं आणि डॉक्टरांचं नंतर. डॉक्टरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक वेळी नजर त्या क्रमावर अडखळली. त्याच आठवड्यात त्यांनी मासिकाला छोटंसं टिपण पाठवलं: बहिणींविषयीचं माझं म्हणणं चुकीचं होतं, ती ओळ कात्रीची आहे, आणि हे मला माझ्या बायकोमुळे कळलं. शेवटचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. टिपण छापून येताच विस्कॉन्सिनवाल्याचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. त्याला ते रेकॉर्डिंग हवं होतं, लागेल ती किंमत द्यायला तो तयार होता. "ते माझ्याकडे नाही," डॉक्टरांनी सांगितलं. ते खरंच होतं. नीलांबरीने पाठवते म्हटलं असतानाही त्यांनी अजून ते मागवून घेतलं नव्हतं.

टॅमिकाला मुलगी झाली. जूनमध्ये मेवूडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता आणि दोघांना बोलावणं होतं. सुहासिनीबाईंनी मोतिया रंगाची साडी नेसली. त्या आत शिरताच बायकांनी त्यांना पुढे ओढून नेलं, ओडेसाच्या शेजारी. डॉक्टरांना जागा मिळाली ती मागच्या बाकावर.

विधी झाल्यावर ओडेसा काठीवर भार देऊन उभी राहिली आणि कोणी न सांगता गायला लागली. पाणी चढतंय टॅलो क्रीकला. ज्यासाठी डॉक्टरांनी आयुष्य घालवलं ते गाणं त्यांच्यासमोर, जिवंत, पहिल्यांदा चाललं होतं. आणि ते ऐकणारे ते एकटे नव्हते. शंभरेक माणसं होती, पंखे हलवणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, बाकावर चढलेली पोरं होती. काहींचं तर लक्षही नव्हतं. दुसऱ्या कडव्याला बायका तिच्या आवाजात आवाज मिळवू लागल्या, त्यांत सुहासिनीबाईही होत्या. त्यांना सगळे शब्द येत होते. डॉक्टरांच्या छातीत तीच जुनी कळ आली. तिला त्यांनी आता ओळखलं होतं. ती जाईल असं त्यांना वाटत नव्हतं. खिशातल्या फोनकडे हात गेला, आणि तिथेच थांबला. गाणं संपेपर्यंत ते नुसते ऐकत राहिले.

जेवण चर्चच्या तळघरात होतं. डॉक्टर ताट घेऊन गर्दीत उभे होते, कुठे बसावं ते कळत नव्हतं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या, सूट घातलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना वरखाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

पूर्वी अशा वेळी डॉक्टर सांगत, मी या गाण्याचा अभ्यासक.

"मी सुहासिनीचा नवरा," ते म्हणाले.

"नर्सबाईंचा होय!" म्हाताऱ्याने शेजारची खुर्ची ओढून दिली. "मग बसा की. आणि गोडातलं पीच कॉबलर आधी घ्या, मागाहून उरत नाही."